मागे घ्या

टोलेडो, ओहायो. गुरुवारची संध्याकाळ.
वाचनालयाच्या तळघरात घडीच्या चाळीस खुर्च्या,
माणसं सतरा.
कॉफीच्या थर्मासवर चिठ्ठी : गरम आहे, जपून.
मी औषधांच्या दुकानातला पांढरा कोट न काढताच आलोय,
कारण रक्तदाबाच्या गोळ्या पिशवीत टाकता टाकता
अर्नेस्टीनबाई गॅडिस म्हणाल्या होत्या,
"ये. मी आहे त्यात. असेन बहुतेक."

पडद्यावर सदुसष्टचा जुलै.
आधी काचा. मग शिरस्त्राणं.
फर्निचरच्या फुटक्या दुकानातून कुणी उचलून नेतोय
एकच खुर्ची, आणि थकून तिच्यावरच बसतोय.
मग तो हॉल, जिथे आता पार्किंग आहे,
आणि गायक, सदरा पाठीला चिकटलेला.
पहिला सूर लावण्याआधी तो नुसता श्वास घेतो,
इतका लांब
की तळघरातल्या सतरा जणांचा अडतो.

निवेदक सांगतो, परवानगी मिळाली,
कारण जमाव आत असला की रस्ते मोकळे राहतात.
भिंतीला टेकून शिपाई, सगळे गोरे.
एकाचा बूट ताल धरतोय.
कॅमेऱ्याला दिसलं. साहेबालाही दिसलं.
बूट थांबतो.

"मागे घ्या."
बाई उभ्या. काठी खुर्चीत अडकलेली.
"मागे घे जरा, पोरा."
प्रोजेक्टरवरचा पोरगा, ग्रंथपालांचा भाचा,
दोनदा चुकीचं बटण दाबतो.
बूट पुन्हा ताल धरतो,
कॅमेरा डावीकडे सरकतो, आणि तिसऱ्या रांगेत
पिवळ्या झग्यातली मुलगी. खांद्यावर एक हात.
फक्त हात. मनगटावर घड्याळ. माणूस चौकटीबाहेर.
"लोनी," बाई म्हणतात. "माझा भाऊ. घड्याळ वडलांचं."
चार सेकंद.
पुन्हा.
पुन्हा.
कुणी खोकत नाही.

दिवे लागल्यावर एक निवृत्त प्राध्यापक, मऊ आवाजात :
त्या रात्री संगीतानं शहर वाचवलं, नाही का?

"शहर घरी गेलं," बाई म्हणाल्या. "गाडीनं.
आम्ही चालत निघालो.
डॉर स्ट्रीटच्या कोपऱ्यावर अडवलं.
लोनी अजून गुणगुणत होता.
हात वर कर म्हणाले. त्यानं केले.
बाही खाली घसरली,
तर म्हणाले, घड्याळ कुठून उचललंस?"
इथे त्या थांबल्या.
पुढचं कुणी विचारलं नाही,
आणि फिल्ममध्ये ते नाही.

मलाही बोलायचं होतं. काय बोलणार?
वादक स्वयंपाकघराच्या दारानं आत येताना दिसले
तेव्हा मला बार्शीजवळचा मांडव दिसला, ताईच्या लग्नातला.
हलगीवाले पहाटेपासून वाजवत होते.
काय कडक वाजवतात लेकाचे, वडील म्हणत होते पाहुण्यांना.
आणि सगळ्या पंगती उठल्यावर, उन्हात, मांडवाबाहेर,
त्यांच्या पत्रावळी.
मी नऊ वर्षांचा. तांब्या माझ्या हातात.
धार किती उंचावरून सोडायची
हे मला कुणी शिकवलं नव्हतं.
मला येत होतं.

गाडीत बाई म्हणाल्या, हीटर वाढव.
मॉमी नदीवर मार्चचा बर्फ फुटत होता,
पुलावरूनही ऐकू येत होता.
मग म्हणाल्या, "झगा पिवळा नव्हता.
फिल्मचा रंग उडालाय. हिरवा होता,
असा, कोवळा हिरवा. लोनीच्या पहिल्या पगाराचा.
एवढं तरी कुणी नीट लिहून ठेवावं."

त्यांच्या दारातला दिवा लागेपर्यंत थांबलो.
पेट्रोलच्या पावतीमागे लिहिलं : पोपटी.

तांब्याचं त्या रात्री नाही लिहिलं.